अदृश्याचा हिशेब मांडणारा ज्योतिर्विद : फ्रिट्झ झ्विकी

इ. स. १९३३ मध्ये स्वित्झर्लंडमधील हेल्वेटिका फिजिका अ‍ॅक्टा या नियतकालिकात जर्मन भाषेतील एक निबंध प्रसिद्ध झाला. दूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशात आढळणारी ताम्रसृती हा त्याचा विषय होता. विश्वात दुर्बिणीला जे द्रव्य दिसते त्याहून न दिसणारे द्रव्य कितीतरी पटींनी अधिक असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यात एका साध्या गणिताच्या आधारे काढलेला होता. निबंध छापला गेला, वर्गणीदार ग्रंथालयांत पोहोचला, बांधीव खंडात जाऊन बसला आणि जवळजवळ चार दशके तेथेच राहिला. ज्या प्रश्नापायी पुढे वैज्ञानिकांनी जमिनीखाली खोल खाणींत उपकरणे बसवली आणि अवकाशात दुर्बिणी धाडल्या, त्या प्रश्नाचा माग काढीत गेले की या पानांपाशी यावेच लागते. त्या निबंधाचे लेखक फ्रिट्झ झ्विकी. विलक्षण प्रतिभा आणि तितकाच विलक्षण स्वभाव लाभलेल्या या ज्योतिर्विदाचे चरित्र ग्रंथांवर प्रेम करणाऱ्यांना आणखी एका कारणाने जवळचे वाटावे असे आहे. ते कारण यथाक्रम पुढे येईलच.

जन्म आणि शिक्षण

झ्विकी यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८९८ रोजी बल्गेरियातील वार्ना या काळ्या समुद्रावरील बंदरात झाला. वडील फ्रिडोलिन हे मूळचे स्वित्झर्लंडच्या ग्लारुस प्रांतातील. व्यापाराच्या निमित्ताने ते वार्नाला स्थायिक झाले होते. पुढे नॉर्वेचे प्रतिनिधी म्हणूनही त्यांनी तेथे काम पाहिले. आई चेक वंशाची होती. तीन भावंडांत फ्रिट्झ सर्वांत थोरला. तो सहा वर्षांचा झाला तेव्हा, म्हणजे १९०४ मध्ये, त्याला शिक्षणासाठी आजीआजोबांकडे ग्लारुसला पाठवण्यात आले. मुलाने व्यापारविद्या शिकून आपला व्यवसाय सांभाळावा अशी वडिलांची इच्छा होती. परंतु मुलाचा ओढा गणिताकडे आणि भौतिकशास्त्राकडे होता. शेवटी मुलाचीच इच्छा फलद्रूप झाली.

ग्लारुस हा आल्प्सच्या कुशीतला डोंगराळ मुलूख. तेथे वाढलेल्या झ्विकींना गिर्यारोहणाचा छंद जडला, आणि एकट्याने अवघड वाट चढून जाण्याची ती सवय त्यांनी विज्ञानातही सोडली नाही. झुरिकच्या सुप्रसिद्ध तंत्रविद्यापीठात त्यांचे उच्च शिक्षण झाले. स्फटिकांच्या रचनेविषयीच्या प्रबंधावर त्यांना १९२२ मध्ये डॉक्टरेट मिळाली. १९२५ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेत, पॅसाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत दाखल झाले. रॉबर्ट मिलिकन हे नोबेल पारितोषिक विजेते शास्त्रज्ञ त्या संस्थेचे धुरीण होते. स्फटिकांवर काम करण्यासाठी आलेल्या या तरुणाचे लक्ष मात्र पॅसाडेनाजवळच्या माउंट विल्सन वेधशाळेने वेधून घेतले. तेथील शंभर इंची दुर्बीण तेव्हा जगात सर्वांत मोठी होती. एडविन हबल तिच्या साहाय्याने दीर्घिकांची अंतरे मोजत होते आणि विश्व प्रसरण पावत असल्याची जाणीव ज्योतिर्विदांना हळूहळू होत होती. झ्विकी आकाशाकडे वळले ते कायमचे. मायदेशाचे नागरिकत्व मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

अरुंधती केशातील हिशेब

उत्तरा फाल्गुनी आणि स्वाती यांच्यामधील अंधुक जागेत अरुंधती केश नावाचा तारकासमूह आहे. त्या दिशेला, त्यातील ताऱ्यांच्या फार पलीकडे, हजाराहून अधिक दीर्घिकांचा एक प्रचंड समूह आहे. माउंट विल्सनच्या ज्योतिर्विदांनी त्यांतील काही दीर्घिकांचे वेग मोजले होते. झ्विकींनी त्या वेगांचा एकमेकांशी मेळ घालून पाहिला. समूहातील दीर्घिका परस्परसापेक्ष सेकंदाला सुमारे हजार किलोमीटर इतक्या वेगाने धावत होत्या.

गोफण फिरवणाऱ्याला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. दगड जितका वेगाने फिरेल तितकी दोरी मजबूत लागते. ती कच्ची असेल तर तुटते आणि दगड भिरकावला जातो. दीर्घिकासमूहातील दोरी म्हणजे गुरुत्वाकर्षण, आणि ते समूहातील एकूण द्रव्यावर अवलंबून असते. झ्विकींनी दिसणाऱ्या दीर्घिकांच्या प्रकाशावरून त्यांच्या द्रव्याचा अंदाज केला. त्या हिशेबाने वेग सेकंदाला ८० किलोमीटरच्या आसपास हवा होता. प्रत्यक्ष वेग टिकवून समूह एकत्र राहायचा तर द्रव्याची घनता निदान ४०० पट अधिक असणे आवश्यक होते. समूह विखुरलेला नव्हता. अर्थात दोरी मजबूत होती, फक्त ती दिसत नव्हती. या न दिसणाऱ्या द्रव्याला त्यांनी जर्मनमध्ये जे नाव वापरले, त्याचा मराठी पर्याय म्हणजे कृष्णद्रव्य.

कृष्णद्रव्य हा शब्द झ्विकींच्या आधी कोणी वापरला नव्हता असे नाही. कॅप्टाइन आणि ऊर्ट या डच ज्योतिर्विदांनी आपल्याच आकाशगंगेच्या संदर्भात तसा विचार केला होता. झ्विकींचा आकडाही पुढे टिकला नाही. दीर्घिकांची अंतरे त्या काळी फार कमी धरली जात. अरुंधती केशातील समूह त्यांनी साडेचार कोटी प्रकाशवर्षांवर मानला होता. तो प्रत्यक्षात सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. अंतर दुरुस्त झाल्यावर ४०० हा आकडा पुष्कळच खाली आला. समूहात तप्त वायूही मोठ्या प्रमाणात असल्याचे क्ष-किरणांच्या निरीक्षणांतून नंतर कळले. एवढी वजावट करूनही शिल्लक राहिलेली तूट भरून निघाली नाही, आणि तूट आहे हे सर्वांत आधी इतक्या स्पष्टपणे सांगणारे झ्विकीच होते. हे द्रव्य म्हणजे मंद तारे, वायू, धूळ अशा परिचित वस्तूच असाव्यात असे त्यांना वाटे. आजवर न सापडलेल्या एखाद्या निराळ्या कणाची कल्पना त्यांच्यानंतरची आहे.

प्रतिभेचा बहर

१९३३ ते १९३७ ही पाच वर्षे झ्विकींच्या आयुष्यातील सुगीची होत. वाल्टर बाडे या जर्मन सहकाऱ्यासमवेत त्यांनी नव्याने दिसणाऱ्या अतितेजस्वी ताऱ्यांचा अभ्यास केला आणि साध्या नवताऱ्यांहून हा प्रकार अगदी भिन्न असल्याचे दाखवून दिले. यांनाच अतिदीप्त नवतारे असे म्हणतात. न्यूट्रॉन या कणाचा शोध १९३२ मध्ये लागला होता. त्यानंतर दोनच वर्षांत या दोघांनी असा तर्क मांडला की, स्फोट पावणाऱ्या ताऱ्याचा गाभा कोसळून न्यूट्रॉनांचा एक अत्यंत लहान व अत्यंत घन तारा मागे उरत असला पाहिजे, आणि विश्वकिरणांचा उगमही अशा स्फोटांतच असावा. समकालीनांना हा तर्क कल्पनेची भरारी वाटला. १९६७ मध्ये पहिला स्पंदक तारा सापडला; १०५४ मध्ये दिसलेल्या स्फोटाच्या अवशेषात, म्हणजे खेकडा तेजोमेघात, तसाच एक तारा १९६८ मध्ये आढळला; आणि ती भरारी खरी ठरली. हे पाहायला झ्विकी हयात होते, ही समाधानाची गोष्ट.

तर्क मांडून स्वस्थ बसणे त्यांच्या प्रकृतीत नव्हते. असे तारे क्वचितच दिसतात. म्हणून एका वेळी आकाशाचा मोठा भाग टिपणारे साधन हवे होते. हॅम्बुर्ग येथे बर्नहार्ड श्मिट यांनी तशा प्रकारचा दूरदर्शक तयार केला होता. झ्विकींच्या आग्रहामुळे पॅलोमार पर्वतावर १८ इंची श्मिट दूरदर्शक उभारण्यात आला आणि १९३६ मध्ये तो कामाला लागला. पॅलोमारवरचे ते पहिले उपकरण. पुढच्याच वर्षी झ्विकींना त्याच्या साहाय्याने अतिदीप्त नवतारे सापडू लागले. आयुष्यभरात त्यांनी असे शंभराहून अधिक तारे शोधले. १९३७ मध्येच त्यांनी आणखी एक विचार मांडला. एखादी दीर्घिका तिच्या मागील दीर्घिकेचा प्रकाश आपल्या गुरुत्वाकर्षणाने वाकवील आणि भिंगासारखे काम करील. त्या वाकण्यावरून तिचे वस्तुमानही काढता येईल. असे पहिले गुरुत्वीय भिंग १९७९ मध्ये सापडले. तेव्हा झ्विकींना जाऊन पाच वर्षे झाली होती.

त्यांचे सर्वच विचार खरे ठरले असे मात्र नाही. दूरच्या प्रकाशाची ताम्रसृती विश्वाच्या प्रसरणामुळे होत नसून, दीर्घ प्रवासात प्रकाशच थकून जात असावा, असे त्यांनी १९२९ मध्ये सुचवले होते. ते मत चुकीचे ठरले.

बटु दीर्घिकांचा वाद

झ्विकी आणि हबल यांच्यातील एक मतभेद आज विशेष अर्थपूर्ण वाटतो. दीर्घिकांची तेजस्विता एका ठरावीक सरासरीच्या आसपास असते, फार मंद दीर्घिका विरळाच, असे हबल यांचे मत होते. हबल यांचा अधिकार मोठा असल्यामुळे ते सर्वमान्यही झाले. झ्विकींना हे पटेना. मंद वस्तू दिसत नाहीत एवढ्यावरून त्या नाहीत असे ठरवणे त्यांना सदोष वाटे. तेजस्विता जसजशी घटत जाईल तसतशी दीर्घिकांची संख्या वाढतच जाईल, अशी त्यांची धारणा होती. हार्लो शॅप्ली यांनी १९३८ मध्ये शिल्पकार आणि अश्मंत या दक्षिण आकाशातील तारकासमूहांच्या दिशेला दोन अतिमंद दीर्घिका सापडल्याचे जाहीर केले होते. त्या आपल्या आकाशगंगेच्या उपग्रहांसारख्या सोबतिणी आहेत. १९४२ मध्ये स्वतः झ्विकींना सिंह राशीच्या दिशेला एक बटु दीर्घिका आढळली. पन्नाशीच्या दशकात सिंह, कालेय आणि ध्रुवमत्स्य या दिशांना आणखी सोबतिणी सापडल्या. संख्येच्या वादात विजय झ्विकींचा झाला. विश्वात बटु दीर्घिकाच बहुसंख्य आहेत याबद्दल आता दुमत उरलेले नाही.

स्वभाव आणि एकाकीपण

असे असूनही त्यांच्या हयातीत त्यांच्या शब्दाला वजन का आले नाही, याचे उत्तर काही अंशी त्यांच्या स्वभावात आहे. आपल्याला दर दोन वर्षांनी एक उत्तम कल्पना सुचते, असे त्यांनी मिलिकन यांना तोंडावर ऐकवल्याचे सांगतात. न आवडणाऱ्या सहकाऱ्यांना ते गोलाकार अधम म्हणत. गोल कोणत्याही बाजूने पाहिला तरी सारखाच दिसतो, अशी त्यामागची उपपत्ती होती. ज्या बाडेंबरोबर त्यांनी सर्वोत्तम काम केले, त्यांच्यावरच युद्धाच्या काळात ते नाझी असल्याचा आरोप त्यांनी केला. तो निराधार होता. परंतु बाडे यांनी त्यांची इतकी धास्ती घेतली की ते झ्विकींबरोबर एकटे थांबत नसत. १९७१ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केलेल्या दीर्घिकांच्या एका सूचीच्या प्रस्तावनेत झ्विकींनी समकालीन ज्योतिर्विदांचा नावानिशी समाचार घेतला. आकाशाच्या सूचीला शिव्याशापांची प्रस्तावना जोडण्याचे असे उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात दुर्मीळच.

दोष सर्वस्वी त्यांचा होता असेही म्हणता येणार नाही. अदृश्य द्रव्याचा प्रश्न हाती घ्यायला लागणारी साधने त्या पिढीपाशी नव्हती, आणि ज्याचे उत्तर मिळण्याची आशा नाही तो प्रश्न बाजूला ठेवण्याकडे विद्वानांचाही कल असतो. परंतु मैत्रीने समजावून सांगणारा, चार तरुणांना आपल्या विचारामागे उभे करणारा माणूस झ्विकींमध्ये असता, तर तो निबंध इतकी वर्षे मुका राहिला नसता. सत्य सापडणे आणि ते दुसऱ्यापर्यंत पोहोचवणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्यात झ्विकी असामान्य होते, दुसऱ्यात ते अपुरे पडले.

त्यांचा कार्यव्याप मात्र कधीच थांबला नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४३ पासून ते एरोजेट या रॉकेटनिर्मिती करणाऱ्या कंपनीचे संशोधन संचालक होते. युद्धातील कार्याबद्दल १९४९ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी त्यांना स्वातंत्र्यपदक दिले. १९६१ ते १९६८ या काळात त्यांनी सहकाऱ्यांसह दीर्घिका व दीर्घिकासमूह यांची सूची सहा खंडांत सिद्ध केली. सुमारे ३० हजार दीर्घिकांची नोंद असलेली ही सूची पुढच्या संशोधकांच्या नित्य उपयोगाची ठरली. १९७२ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक देऊन गौरवले. मान मिळाला, पण तो चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

ग्रंथालयांचा कैवारी

सहकाऱ्यांना तिरसट वाटणाऱ्या या माणसाची दुसरी बाजू फार थोड्यांना ठाऊक आहे. महायुद्धाने युरोपातील आणि आशियातील कितीतरी शहरे बेचिराख केली, आणि त्यांबरोबर तेथील ग्रंथालयेही. इमारती पुन्हा बांधता येतात. पण नियतकालिकांचे एकामागून एक लावलेले खंड जळाले तर त्या विद्यापीठातील विद्यार्थ्याला मागचे शास्त्र वाचायलाच मिळत नाही. झ्विकींनी हे जाणले. युद्धग्रस्त वैज्ञानिक ग्रंथालयांना साहाय्य करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. ठिकठिकाणच्या वैज्ञानिकांकडून आणि संस्थांकडून जुने अंक, दुबार प्रती, पुस्तके मिळवायची, त्यांची वर्गवारी करायची, अपुरे संच जुळवून पुरे करायचे, पेट्या भरायच्या आणि जहाजाने रवाना करायच्या, असा हा उद्योग होता. काही टन वजनाचे ग्रंथ त्यांनी अशा प्रकारे धाडले. ज्याने कधी ग्रंथालयाच्या कपाटातील तुटलेली मालिका जुळवण्यासाठी खटपट केली असेल, त्याला या कामातील चिकाटीची कल्पना येईल. युद्धात अनाथ झालेल्या मुलांसाठी झटणाऱ्या पेस्टालोझी प्रतिष्ठानाच्या कामातही त्यांनी अनेक वर्षे भाग घेतला. १९५५ मध्ये त्या संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले.

ज्या माणसाचा स्वतःचा सर्वांत महत्त्वाचा निबंध ग्रंथालयांत न वाचलेला पडून होता, तोच दूरदेशीच्या ग्रंथालयांसाठी जुने अंक गोळा करीत होता, हा योगायोग हृद्य आहे. छापलेले पान आज वाचले गेले नाही तरी ते जपले पाहिजे, यावर त्यांचा विश्वास असल्याखेरीज हे घडले नसते.

मृत्यूनंतरचा विजय

८ फेब्रुवारी १९७४ रोजी पॅसाडेना येथे झ्विकींचे निधन झाले. शहात्तरी पुरी व्हायला सहा दिवस उरले होते. त्यांचे दफन ग्लारुसमधील मोलिस या गावी करण्यात आले. व्हेरा रूबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेच्या परिभ्रमणाची मोजणी प्रसिद्ध केली होती. बाहेरच्या कडेचे तेजोमेघही आतल्या भागांइतक्याच वेगाने फिरत होते. १९७४ मध्येच अमेरिकेत ऑस्ट्रायकर, पीबल्स व याहिल यांनी आणि एस्टोनियात आइनास्टो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घिकांभोवती अदृश्य द्रव्याची प्रचंड वलये असावीत असे निबंध लिहिले. अखेर लोक जुन्या खंडांकडे वळले. जो प्रश्न नवा म्हणून पुढे आला होता, त्याचा पहिला हिशेब १९३३ मध्येच मांडून ठेवलेला होता.

त्यानंतर जे घडले ते पाहायला झ्विकी असते तर त्यांना मनापासून आनंद झाला असता. मार्क आरोन्सन या ज्योतिर्विदाने १९८३ मध्ये कालेय तारकासमूहाच्या दिशेच्या बटु दीर्घिकेतील अवघ्या तीन ताऱ्यांचे वेग मोजले. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या द्रव्याला ते वेग आवरता येण्याजोगे नव्हते. तीन ताऱ्यांवर विसंबावे कसे, असा प्रश्न तेव्हा उपस्थित झाला. पुढे शेकडो ताऱ्यांच्या मोजणीने तो निष्कर्ष पक्का केला. २००५ नंतर तर आकाशगंगेच्या अशा सोबतिणी सापडल्या की त्यांचा सारा प्रकाश काहीशे सूर्यांइतका, आणि वस्तुमान मात्र लाखो सूर्यांचे. वायू जवळजवळ नाही, तारे मोजके, बाकी सारे अदृश्य. त्यामुळे कृष्णद्रव्याचा स्वभाव जाणून घेण्यासाठी याहून स्वच्छ जागा आकाशात नाही. कृष्णद्रव्याचे कण एकमेकांवर आदळून नष्ट होत असतील तर गॅमा किरण बाहेर पडतील, या आशेने २००८ मध्ये अवकाशात गेलेली फर्मी दुर्बीण या बटु दीर्घिकांकडे वर्षानुवर्षे पाहत आली आहे. निःसंदिग्ध खूण अजून मिळालेली नाही. परंतु हे द्रव्य कसे असू शकणार नाही याच्या मर्यादा तिने अधिकाधिक आखून दिल्या आहेत.

बटु दीर्घिका पुष्कळ आहेत आणि अदृश्य द्रव्य पुष्कळ आहे, असे झ्विकींचे दोन आग्रह होते. दोन्ही त्यांनी वेगवेगळ्या वादांत मांडले. त्यांची सांगड त्यांनी स्वतः घातली नव्हती. ती त्यांच्या पश्चात आकाशानेच घातली. साध्या द्रव्याच्या सुमारे पाचपट कृष्णद्रव्य विश्वात आहे असे आजचे गणित सांगते, आणि ते कशाचे बनले आहे हे अद्याप कोणालाही ठाऊक नाही.

पॅलोमारवरील ४८ इंची श्मिट दूरदर्शकावर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकाशनिरीक्षण प्रकल्पाला झ्विकींचे नाव देण्यात आले आहे. ज्या पर्वतावर त्यांनी रात्रीमागून रात्री एकट्याने काढल्या, तेथेच आता त्यांच्या नावाने रोज आकाश तपासले जाते. स्मारक उचितच आहे. पण त्यांचे खरे स्मारक १९३३ सालच्या त्या बांधीव खंडात आहे. तो कोणी मागितला नाही म्हणून रद्दीत काढला गेला नाही. कोण्या अनामिक ग्रंथपालाने त्यावरची धूळ झटकून तो जागच्या जागी परत ठेवला. चाळीस वर्षांनी जेव्हा वाचक आला, तेव्हा ती पाने शाबूत होती.